"दादा, याच्यात डिझेल कोण भरतं?"

मे महिन्यात थाटीपुरात दुपारचं कोणी घराबाहेर पडत नाही. ग्वाल्हेरचा पारा ४५ च्या आसपास, कूलर घरघरतोय आणि पोरं मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेली. अशाच एका दुपारी माझ्या आतेभावाने एक व्हिडिओ माझ्या नाकासमोर धरला. काळ्या रंगाचं, वर केशरी मजले असलेलं भलंमोठं जहाज पांढऱ्याशुभ्र बर्फातून सरळ चाललंय आणि त्याच्यामागे काळ्या पाण्याची वाट उघडत जातेय. भाऊ यंदा बारावीला आहे आणि मर्चंट नेव्हीत जायचं त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय. त्याने विचारलं, "दादा, याच्यात डिझेल कोण भरतं?"

मी म्हटलं, "कोणीच नाही. ते अणुभट्टीवर चालतं." त्यावर तो लगेच म्हणाला, "मग आपण का नाही घेत एखादं? आपल्याकडे तारापूर आहे, पाणबुडी आहे!"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता आलं. दुसऱ्याचं उत्तर शोधायला मात्र पुढचे दोन महिने गेले. जे हाती लागलं ते मंडळाच्या अंकासाठी लिहून काढतोय. मी विज्ञान शाखेचा नाही, त्यामुळे जे मला कळलं तेच तुम्हाला सांगणार आहे.

बर्फ कापत नाहीत, मोडतात

आधी एक गैरसमज दूर करू. आइसब्रेकर म्हणजे बर्फफोडं जहाज हे सुरीसारखं बर्फ कापत पुढे जातं असं आपल्याला वाटतं. तसं नाही. उसाच्या रसाच्या गाडीवर बर्फाची लादी फोडताना पाहिली असेल. नुसतं दाबून ती फुटत नाही. दाब सोसायला बर्फ चांगलाच मजबूत असतो. पण वाकवलं की मोडतो. अंगणातल्या फरशीखाली पोकळी राहिली आणि कडेवर पाय पडला की ती तडकते ना, तसंच.

आइसब्रेकरची नाळ, म्हणजे पुढचा भाग, चमच्यासारखा उतरता असतो. जहाज मागून जोर लावतं, नाळ बर्फावर चढते, हजारो टनांचं वजन वरून पडतं आणि बर्फ खाली वाकून मोडतो. मग तुकडे बाजूला आणि खाली सरकवायचे. जहाजाच्या पोटाजवळून हवेचे बुडबुडे सोडायची सोय असते, म्हणजे बर्फ अंगाला घासून अडत नाही. जिथे बर्फाशी थेट गाठ पडते तिथे पोलादी पत्रा सुमारे ५ सेंटिमीटर जाड असतो.

सोपं वाटतं. पण बर्फ दोन-तीन मीटर जाड असेल तर नाळ वर चढवायला अफाट ताकद लागते, आणि ती ताकद तासन्‌तास, दिवसच्या दिवस लावत राहावी लागते. आतेभावाचा प्रश्न इथेच येतो.

डिझेलचा हिशेब

सध्याच्या सगळ्यात नव्या रशियन जहाजांचं उदाहरण घेऊ. 'आर्क्टिका' नावाचं जहाज ऑक्टोबर २०२० मध्ये सेवेत आलं. लांबी १७३ मीटर, रुंदी ३४ मीटर, प्रोपेलरवर मिळणारी ताकद ६० मेगावॅट. पावणेतीन-तीन मीटर जाडीच्या बर्फातून ते माणसाच्या चालीने का होईना, पण न थांबता जाऊ शकतं.

आता ६० मेगावॅट डिझेलवर मिळवायचे तर? मोठ्या सागरी इंजिनाला एका युनिटमागे साधारण २०० ग्रॅम इंधन लागतं. पूर्ण ताकदीने २४ तास चालवलं तर गणित जातं २८८ टनांवर. म्हणजे २० टनी टँकर धरले तर रोज चौदा टँकर! महिनाभर बर्फात राहायचं तर आठ हजार टनांहून जास्त इंधन सोबत न्यायचं, नाहीतर अर्ध्यावरून परतायचं. आणि त्या किनाऱ्यावर शेकडो किलोमीटर बंदर नाही, वस्ती नाही.

अणुभट्टीचा हिशेब वेगळाच आहे. 'आर्क्टिका'वर रिटम-२०० जातीच्या दोन भट्ट्या आहेत, प्रत्येकी १७५ मेगावॅट उष्णतेच्या. दोन्ही पूर्ण ताकदीने चालल्या तरी दिवसाला खर्ची पडतं ते युरेनियम-२३५ अर्धा किलोसुद्धा भरत नाही. एकदा इंधन भरलं की जवळपास सात वर्षं बघायला नको.

भट्टीचं काम फक्त पाणी तापवण्याचं. त्या उष्णतेची वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरतं, टर्बाइन वीज तयार करतं आणि विजेच्या मोटारी प्रोपेलर फिरवतात. तारापूरलाही वाफेपर्यंतची गोष्ट साधारण अशीच. मधे मोटारी कशाला, असा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर मजेशीर आहे. प्रोपेलरच्या पात्यात अचानक बर्फाचा धोंडा अडकला तर विजेची मोटार तो झटका सोसू शकते, पटकन उलटीही फिरू शकते. टर्बाइनला तसं करता येत नाही.

एक जहाज नाही, ताफा

या प्रकारचं पहिलं जहाज 'लेनिन'. १९५७ साली ते पाण्यात उतरवलं आणि १९५९ साली सेवेत आलं. अणुशक्तीवर चालणारं, पाण्याच्या पृष्ठभागावरचं हे जगातलं पहिलंच जहाज. तीस वर्षं काम करून १९८९ मध्ये ते निवृत्त झालं. आज मुरमान्स्कच्या धक्क्यावर ते संग्रहालय म्हणून उभं आहे. त्यानंतर १९७५ साली आलेलं पहिलं 'आर्क्टिका' १७ ऑगस्ट १९७७ रोजी थेट उत्तर ध्रुवावर पोचलं. पृष्ठभागावरून तिथे पोचणारं ते पहिलं जहाज.

आज रशियाकडे असे आठ आइसब्रेकर आहेत: जुनी 'यमाल', 'विजयाची पन्नास वर्षं' या अर्थाचं नाव असलेलं एक, कमी खोल पाण्यासाठी बांधलेली 'तैमिर' आणि 'वायगाच', आणि नव्या पिढीतली 'आर्क्टिका', 'सिबिर', 'उराल', 'याकुतिया'. 'यमाल'च्या नाळेवर शार्कचे दात रंगवलेत, ते व्हिडिओतून तुम्ही पाहिलेही असेल. ही सगळी जहाजं अ‍ॅटमफ्लोट नावाची सरकारी कंपनी चालवते. तिचा तळ मुरमान्स्कला. मुरमान्स्क आर्क्टिक वृत्ताच्या आत असूनही अटलांटिकमधून येणाऱ्या उबदार प्रवाहामुळे त्याचं बंदर गोठत नाही. तळ तिथे असण्याचं कारण हेच.

यांचं रोजचं काम म्हणजे रशियाच्या उत्तर किनाऱ्याने कारा समुद्रापासून बेरिंगच्या सामुद्रधुनीपर्यंत जाणारा सुमारे ५,६०० किलोमीटरचा मार्ग चालू ठेवणं. आइसब्रेकर पुढे, मालवाहू जहाजं मागे रांगेने. मधलं अंतर राखणं हेच कसब. फार मागे राहिलं तर फोडलेली वाट परत मिटते. फार जवळ आलं आणि पुढचं जहाज बर्फात अडकून थांबलं, तर मागचं त्याच्यावर आदळतं. कधी मागच्या जहाजाची नाळ आपल्या शेपटीच्या खाचेत बसवून त्याला ओढूनही न्यावं लागतं. नदीच्या मुखाशी पाणी उथळ असतं. म्हणून नवी जहाजं पोटातलं पाणी कमी-जास्त करून साडेदहा मीटरवरून साडेआठ मीटरपर्यंत वर उचलता येतात. आधी या दोन कामांसाठी दोन वेगळी जहाजं लागायची.

आणि हे सगळं बऱ्याचदा अंधारात. मुरमान्स्कला डिसेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. मराठी माणसाला ही ध्रुवाकडची लांबलचक रात्र ओळखीची आहे ती लोकमान्य टिळकांमुळे. १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' या ग्रंथात त्यांनी वेदांतल्या उषेच्या वर्णनांवरून आर्यांचं मूळ घर तिकडे असल्याचं मांडलं होतं. इतिहासकार आज तो सिद्धांत मानत नाहीत. पण त्या काळोखात महिनोन्‌महिने ड्युटी करणारी माणसं आज खरोखर आहेत.

ताफा का लागतो, एकच मोठं जहाज का पुरत नाही, हे दोन प्रसंगांवरून कळतं. १९८३ च्या शरद ऋतूत पूर्वेकडच्या चुकची समुद्रात बर्फ लवकर आला आणि पन्नासहून जास्त जहाजं अडकली. त्यातलं 'नीना सागायदाक' हे मालवाहू जहाज बर्फाच्या दाबाने चेपून बुडालं. नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा तेच. बर्फ अपेक्षेपेक्षा आधी गोठला आणि वीसेक जहाजं अडकून पडली. त्यांना सोडवायला आइसब्रेकर धाडावे लागले. बर्फ वितळतोय म्हणून मार्ग सोपा झाला असं म्हणतात, पण बर्फ वेळापत्रक पाळत नाही. आठपैकी एक दुरुस्तीला, एक इंधन भरायला, दोन पश्चिमेला गुंतलेली, असं गृहीत धरूनच आखणी करावी लागते. आपल्या एसटी आगाराला जसं बसेसच्या संख्येपेक्षा 'आज रस्त्यावर किती' हे जास्त महत्त्वाचं, तसं.

किनाऱ्यावरचं काम

इथपर्यंत आतेभाऊ खुशीत ऐकत होता. पुढचा भाग व्हिडिओत दिसत नाही.

सात वर्षांनी इंधन संपतं तेव्हा भट्टी उघडून वापरलेलं इंधन काढावं लागतं. ते इतकं किरणोत्सारी असतं की माणूस जवळ उभा राहू शकत नाही. त्यासाठी 'इमांद्रा' नावाचं वेगळं सेवा-जहाज लागतं. काढलेलं इंधन आधी वर्षानुवर्षं थंड होऊ द्यायचं, मग जाड पोलादी पिंपांत घालून रेल्वेने उराल पर्वताकडच्या मायाक कारखान्यात पाठवायचं. द्रवरूप कचऱ्यासाठी आणखी एक जहाज. म्हणजे बर्फ फोडणाऱ्या जहाजांच्या मागे न फोडणाऱ्या जहाजांचा दुसरा ताफा उभा असतो!

हे नीट झालं नाही तर काय होतं? 'लेनिन'चंच उदाहरण घ्या. १९६५ साली त्याच्या एका भट्टीत पाणी कमी पडून इंधनाचं नुकसान झालं. १९६७ साली पुन्हा गळती झाली. शेवटी भट्ट्यांचा अख्खा कप्पा जहाजातून काढून नोवाया झेम्ल्या बेटांजवळ समुद्रात बुडवला, आणि दोन नव्या भट्ट्या बसवून १९७० मध्ये जहाज परत कामाला लावलं. काढलेलं खराब इंधन 'लेप्से' नावाच्या जुन्या सेवा-जहाजावर ठेवलं. ते तिथेच राहिलं, मुरमान्स्क शहराच्या बंदरात. 'लेप्से' तिथून हलवायला २०१२ साल उजाडलं, आणि ते मोडून साफ करण्यासाठी परदेशी निधी घ्यावा लागला. अपघात साठच्या दशकातला, निस्तरणं नातवंडांच्या काळात.

नंतरही अडचणी आल्याच. मे २०११ मध्ये 'तैमिर'वर भट्टीच्या पाण्याची किरकोळ गळती झाली आणि जहाज मुरमान्स्कला परत आणलं. त्याच वर्षी डिसेंबरात 'वायगाच'वर आग लागून दोन माणसं दगावली. भट्टीला धक्का लागला नाही, पण माणसं गेली. आणि नवं 'आर्क्टिका' सेवेत आलं तेच एक मोटार बिघडलेली घेऊन; ती नंतर बदलली.

मी हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. साठ-पासष्ट वर्षं हा ताफा चालतोय, म्हणजे ते जमतं. पण जमतं ते किनाऱ्यावरच्या कामामुळे.

गोव्याची गोष्ट

आता आपल्याकडे वळू. बर्फाच्या समुद्राशी आपलं नातं गोव्यातून सुरू होतं. ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची पहिली भारतीय मोहीम मुरगावहून अंटार्क्टिकाकडे निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी तिथे पोचली. जहाज होतं 'पोलर सर्कल'. नॉर्वेचं, भाड्याने घेतलेलं.

त्यानंतर आपण 'दक्षिण गंगोत्री', 'मैत्री' आणि 'भारती' ही केंद्रं दक्षिणेत उभारली. उत्तरेकडे, स्वालबार्डच्या न्यू-ओलेसुंड इथे, २००८ मध्ये 'हिमाद्री' सुरू केलं. २०१४ मध्ये तिथल्या फियोर्डमध्ये, १९२ मीटर खोलीवर, 'इंडआर्क' नावाची उपकरणांची साखळी बसवली. या सगळ्याचा कारभार वास्कोतल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतो. आर्क्टिकचा बर्फ कमी-जास्त झाला की आपल्या पावसावर काय परिणाम होतो, हा तिथला एक मोठा अभ्यासविषय. चंबळच्या शेतकऱ्यालाही ज्याचं उत्तर हवंय असा.

पण जहाज? ते आजही भाड्याचंच. गेल्या काही वर्षांत 'वासिली गोलोवनिन' या रशियन जहाजाने आपलं सामान अंटार्क्टिकाला पोचवलंय. म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त काळ आपण बर्फात जातोय ते दुसऱ्याच्या नाळेमागून.

मग अणुशक्तीवरचं एखादं जहाजच भाड्याने का नाही घेत? यातली गंमत ऐका. 'यमाल'सारखी जुन्या वर्गातली जहाजं आपल्याकडे येऊच शकत नाहीत! त्यांच्या भट्ट्या थंड ठेवायला आर्क्टिकचं गार पाणी लागतं. विषुववृत्ताजवळचं कोमट पाणी त्यांना चालत नाही. जन्मभर उत्तरेतच राहायचं. अणुशक्तीवरचं एक मालवाहू जहाज मात्र उष्ण पाणी ओलांडू शकतं, 'सेवमोरपूत'. २०२० मध्ये ते रशियाच्या अंटार्क्टिकातल्या वोस्तोक केंद्राचं सामान घेऊन निघालं. अंगोलाच्या किनाऱ्यापाशी त्याचा प्रोपेलर बिघडला आणि त्याला परत फिरावं लागलं. भट्टी ठणठणीत, पण पात्याने घात केला.

मग घ्यायचं का?

इथे थोडं स्पष्ट बोलू. उत्तरेचा मार्ग म्हणजे सुएझला पर्याय असं बातम्यांत येतं. योकोहामाहून रॉटरडॅमला जायचं तर तो खरोखर एक तृतीयांशाहून जास्त अंतर वाचवतो. पण मुंबईहून रॉटरडॅमला जायचं तर सुएझच जवळ, नकाशा कसाही धरा. २०२४ मध्ये या मार्गाने सुमारे ३ कोटी ७९ लाख टन माल गेला. त्या वर्षाचं मूळ लक्ष्य ८ कोटी टनांचं होतं. सुएझमधून एरवी वर्षाला शंभर कोटी टनांहून जास्त जातो. शिवाय उत्तरेकडच्या मालात मोठा वाटा कशाचा, तर रशियाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या वायूचा आणि तेलाचा. म्हणजे धूर न सोडणारं जहाज वाट करून देतं, आणि त्या वाटेने जातं ते जाळायचं इंधन. ते जळून हवा तापते, हवा तापून बर्फ वितळतो. हा विरोधाभास मला अजून सुटलेला नाही. तुम्हाला सुटला तर पुढच्या अंकात लिहा.

भारताने २०२२ मध्ये आपलं आर्क्टिक धोरण जाहीर केलं. २०२४ मध्ये या मार्गासाठीच्या भारत-रशिया कार्यगटाची पहिली बैठक दिल्लीत झाली. जून २०२५ मध्ये कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीने नॉर्वेच्या कोंग्सबर्ग कंपनीशी ध्रुवीय संशोधन जहाज भारतात बांधण्यासाठी करार केला. ते वास्कोच्या केंद्रासाठी आहे आणि अणुशक्तीवरचं नाही. मला वाटतं ही सुरुवात बरोबर आहे. आपल्याला आधी बर्फात शास्त्रज्ञ न्यायचेत, शंभर जहाजांची रांग नाही.

आतेभावाला मी शेवटी हेच सांगितलं. जहाज बांधणं किंवा विकत घेणं पैशाने होतं. चालवणं म्हणजे चाळीस वर्षं त्याच्यामागे माणसं, गोदी, इंधनाची सोय, कचऱ्याची सोय आणि बिघडलं तर निस्तरायची तयारी ठेवणं. हे सगळं ज्याच्याकडे आहे त्यानेच अणुभट्टी बर्फात न्यावी. आपल्याकडे तारापूर आहे हे खरं, पण तारापूर जागचं हलत नाही.

तो थोडा हिरमुसला. म्हणाला, "मग माझं काय?"

त्याचंही उत्तर आहे. १ जानेवारी २०१७ पासून ध्रुवीय समुद्रांसाठी आंतरराष्ट्रीय 'पोलर कोड' लागू झालाय. बर्फात जहाज नेणाऱ्या कप्तानाला आणि अधिकाऱ्यांना वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं. आपलं ध्रुवीय जहाज तयार होईल तेव्हा त्याच्या पुलावर उभं राहायला अशी माणसं लागणारच, आणि ती एका वर्षात तयार होत नाहीत. म्हटलं, तू आत्ता भौतिकशास्त्राचं पुस्तक उघड, उष्णतेचा धडा तुझा कच्चा आहे.

त्याने मोबाईल बाजूला ठेवला. निदान त्या दुपारपुरता तरी.